चिनी पारंपरिक वैद्यकातील मूलद्रव्ये आणि अवयव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यातून बाहेर पडताना हातातल्या कागदावर ‘प्लीहेची ची क्षीण’ किंवा ‘यकृतात रक्ताची कमतरता’ असे काहीतरी लिहिलेले असते आणि वाचणारा गोंधळतो, कारण त्याच आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीत यकृत आणि प्लीहा दोन्ही ठणठणीत निघालेले असतात. पुढील प्रश्नोत्तरे या गोंधळासाठी आहेत. या वैद्यकाचा प्रचार करण्याचा किंवा त्याची टर उडवण्याचा येथे हेतू नाही. त्यातील शब्द त्या शास्त्राच्या स्वतःच्या अर्थाने कसे वाचायचे, एवढाच विषय आहे.

मूलद्रव्ये कोणती आणि ती किती?

बहुतेक पाठ्यपुस्तके पाच सांगतात : ‘ची’, रक्त, जिंग, शरीरद्रव आणि शन. काही ठिकाणी शन या यादीतून वगळलेला आढळतो, कारण त्याचा संबंध मनाशी आहे आणि त्याला द्रव्य म्हणावे का, हा प्रश्न चिनी अभ्यासकांनाही पडतो. ही पाच द्रव्ये पाच वेगवेगळ्या बरण्यांत ठेवल्यासारखी अलग नाहीत. एकाच तांदळाचा भात होतो, पेज होते आणि झाकण उघडले की वाफ निघते, तसे विरळपणापासून दाटपणापर्यंतचे हे टप्पे मानले आहेत आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत राहते. रक्त आणि शरीरद्रव यांची बाजू यिनची, म्हणजे थंड, ओलसर, पोषक. ‘ची’ची बाजू यांगची, म्हणजे उष्ण आणि हलती. तांदळाचे उदाहरण येथे सोयीसाठी घेतलेले नाही, हे पुढच्या उत्तरात दिसेल.

‘ची’ म्हणजे ऊर्जा का?

आधी उच्चाराची पंचाईत सांगितली पाहिजे. मूळ चिनी उच्चार ‘छी’च्या जवळचा आहे, तसा लिहिला तर मराठी वाचक नाक मुरडेल आणि ‘ची’ लिहिला तर तो षष्ठीचा प्रत्यय वाटेल. म्हणून येथे तो सर्वत्र अवतरणचिन्हांत लिहिला आहे.

‘ऊर्जा’ हे भाषांतर पसरले ते विसाव्या शतकात. चीनमध्ये वकिलातीत काम केलेले फ्रेंच लेखक जॉर्ज सुलिए द मोरां यांनी आपल्या लेखनात हा शब्द वापरला, आणि तो युरोपातून सगळीकडे गेला. या शब्दामुळे वाचकाच्या मनात वीज, बॅटरी, चार्जिंग अशा कल्पना येतात, ज्यांचा प्राचीन चिनी ग्रंथांशी काही संबंध नाही. ‘ची’ हे अक्षर जुन्या पद्धतीने लिहिले की त्याच्या वरच्या भागात वाफ किंवा धुके सुचवणारी रेघ असते आणि खाली तांदळाचे चिन्ह. वाफेला वस्तुमान आहे, गती आहे, उष्णता आहे, आणि कोंडली तर ती झाकण उडवते. चिनी वैद्य ‘ची’बद्दल जे बोलतात ते याच धर्तीवर असते : ती तुंबते तेव्हा बरगड्यांखाली दाटल्यासारखे होते, उलटी वर चढते तेव्हा खोकला, उचकी किंवा ओकारी येते, आणि खाली बसते तेव्हा अंग बाहेर येण्यासारखे विकार होतात. ऊर्जा ‘तुंबली’ असे म्हणताना आपण अडखळतो. वाफेबद्दल अडखळत नाही.

तिची कामे हलवणे, ऊब देणे, रक्षण करणे, रूपांतर करणे आणि धरून ठेवणे अशी सांगितली आहेत. यातील शेवटचे काम सहसा लक्षातून निसटते. रक्त वाहिन्यांच्या आत राहते, घाम आणि लघवी वेळेआधी गळत नाहीत, ते ‘ची’ धरून ठेवते म्हणून, असे हे शास्त्र मानते.

‘ची’चे प्रकार कोणते?

नावे बरीच आहेत. रोजच्या वापरात चार येतात. जन्मतः मिळालेली ती युआन-ची. अन्नाचा सार आणि श्वासातील हवा छातीत एकत्र येऊन होते ती त्सोंग-ची. श्वास, आवाज आणि हृदयाचे ठोके तिच्यावर चालतात. वाहिन्यांच्या आतून रक्तासोबत फिरून पोषण करणारी यिंग-ची आणि वाहिन्यांच्या बाहेर, त्वचा व स्नायूंच्या मधल्या जागेत पहारा देणारी वेई-ची. वाऱ्यात बसले की ज्याला हटकून सर्दी होते, त्याची वेई-ची दुबळी समजली जाते.

जिंग म्हणजे काय? ते वीर्य आहे का?

वीर्य हा त्या शब्दाचा एक अर्थ आहे, पूर्ण अर्थ नव्हे. जिंग या अक्षरातही तांदूळ आहेच, पण तो कांडून, निवडून, स्वच्छ केलेला तांदूळ. म्हणून ‘सार’ हा शब्द जवळचा वाटतो. आईवडिलांकडून आलेला सार आणि रोजच्या अन्नातून भर पडणारा सार, असे त्याचे दोन भाग आहेत. दोन्ही मूत्रपिंडांत साठतात आणि त्यांच्यावर वाढ, प्रजनन, हाडे, मज्जा, दात आणि डोक्यावरचे केस अवलंबून असतात.

‘ह्वांग-दी नेइ-जिंग’ हा या वैद्यकाचा मूळ ग्रंथ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत संकलित झाला असे मानतात. पीत सम्राट आणि त्याचा वैद्य ची-बो यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिलेला आहे. त्याचे सू-वन आणि लिंग-शू असे दोन भाग असून प्रत्येकात ८१ अध्याय आहेत. सू-वनच्या पहिल्याच अध्यायात स्त्रीचे आयुष्य ७ वर्षांच्या आणि पुरुषाचे ८ वर्षांच्या टप्प्यांत मोजले आहे : मुलीचे दुधाचे दात ७ व्या वर्षी पडू लागतात, १४ व्या वर्षी पाळी येते, ४९ व्या वर्षी थांबते, मुलाचे टप्पे ८, १६ असे जात ६४ पर्यंत पोहोचतात. दोन हजार वर्षांनंतरही रजोनिवृत्तीचे वय फारसे हललेले नाही, हे पाहून गंमत वाटते. जिंगचा साठा कमी होत जाणे म्हणजेच म्हातारपण, ही या मांडणीची बैठक आहे.

आयुर्वेद वाचलेल्यांना येथे शुक्रधातू आणि ओज आठवतील. साम्य आहे, पण दोन्ही शब्द जिंगवर तंतोतंत बसत नाहीत. जिंगमधून मज्जा आणि मज्जेतून मेंदू भरतो, हा धागा चिनी मांडणीचा स्वतःचा आहे.

चिनी वैद्यकातले ‘रक्त’ आणि रक्ततपासणीतले रक्त एकच का?

लाल द्रव तोच आहे. त्याला दिलेली कामे मात्र अधिक आहेत. रक्त शरीराला ओलावा आणि पोषण देते आणि मनाला टेकायला जागा देते. म्हणून ‘रक्ताची कमतरता’ या निदानात फिकट चेहरा, कोरडे केस, हातापायांना मुंग्या, धूसर दिसणे, अत्यल्प पाळी यांच्याबरोबर झोप न लागणे आणि उगाच दचकणे हेही येते. हिमोग्लोबिन १३ असलेल्या व्यक्तीलाही हे निदान मिळू शकते. उलट, ज्याचे हिमोग्लोबिन ७ आहे त्याला या वैद्यकात केवळ ‘ची’ क्षीण असल्याचे सांगितले जाऊ शकते, आणि अशा माणसाने तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे.

हृदय रक्ताचा कारभार पाहते, यकृत ते साठवते, प्लीहा ते वाहिन्यांत धरून ठेवते. ‘ची’ रक्ताचा सेनापती आणि रक्त ‘ची’ची माता, असे एक वचन प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्यामुळे मोठ्या रक्तस्रावानंतर जुने वैद्य रक्तवर्धक औषधांच्या आधी ‘ची’ला बळ देणारे जिनसेंग देत, कारण सेनापती पडला तर फौज गोळा करून उपयोग नाही.

शरीरद्रव आणि शन?

शरीरद्रवांना जिन-ये म्हणतात. जिन पातळ : घाम, अश्रू, लाळ. ये दाट : सांध्यांतील, मज्जेतील वंगण. याहून जास्त सांगण्यासारखे त्यात थोडेच आहे.

शनबद्दल मात्र थांबावे लागते. जाणीव, स्मृती, विचार, डोळ्यांतले तेज हे सगळे मिळून शन होतो आणि तो हृदयात राहतो. वैद्य रुग्ण दारातून आत येतानाच त्याचा शन पाहतो. डोळ्यांत चमक असेल तर आजार मोठा असूनही आशा आहे, असे समजले जाते. आपल्याकडची जुनी माणसे ‘चेहऱ्यावर पाणी नाही’ म्हणतात, त्याच्या हे बरेच जवळ जाते. याखेरीज यकृतात हुन, फुप्फुसात पो, प्लीहेत यी आणि मूत्रपिंडात झी, असे मनाचे आणखी चार अंश वाटून दिले आहेत. आधुनिक पाठ्यपुस्तके हा भाग घाईने उरकतात. प्राचीन ग्रंथांत तो बराच मोठा आहे.

त्सांग आणि फू यांत फरक काय?

हृदय, फुप्फुस, प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड हे पाच त्सांग. ‘त्स’चा उच्चार ‘चमचा’तील ‘च’सारखा. हे कोठारासारखे आहेत; ते सार साठवतात, बाहेर टाकत नाहीत. जठर, लहान आतडे, मोठे आतडे, पित्ताशय, मूत्राशय आणि सान-जिआओ (याबद्दल पुढे) हे सहा फू. हे वाटेसारखे आहेत. ते पुढे ढकलतात, साठवत नाहीत. जठर भरलेले असते तेव्हा आतडी रिकामी असतात आणि अन्न खाली उतरले की उलट होते, असे सू-वनमध्ये म्हटले आहे. प्रत्येक त्सांगला एका फूची जोडी आहे : यकृत आणि पित्ताशय, हृदय आणि लहान आतडे, प्लीहा आणि जठर, फुप्फुस आणि मोठे आतडे, मूत्रपिंड आणि मूत्राशय. सान-जिआओची जोडी हृदयावरणाशी लावून बारा मुख्य नाड्यांचा, म्हणजे ‘ची’ वाहण्याच्या वाटांचा, हिशेब पुरा केला जातो.

प्लीहा काढून टाकली तरी माणूस जगतो. मग ती पचनाचे केंद्र कशी?

सर्वांत रास्त प्रश्न हाच आहे. अपघातात फुटलेली प्लीहा शस्त्रक्रियेने काढली जाते, रुग्णाला काही लसी घ्याव्या लागतात, जंतुसंसर्गापासून जपावे लागते, पण त्याचे जेवण पचायचे थांबत नाही. चिनी वैद्यकात मात्र ‘पी’ या अवयवावर पचनाची, स्नायूंच्या बळाची, रक्त धरून ठेवण्याची आणि शरीरातले जास्तीचे पाणी हटवण्याची जबाबदारी आहे. ली दोंगयुआन या वैद्याने तेराव्या शतकात प्लीहा आणि जठर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि बहुतेक आजारांचे मूळ येथेच शोधले. युद्ध, उपासमार आणि वेठीची कामे यांनी खचलेली माणसे त्याच्यासमोर होती, हे लक्षात घेतले की त्याचा आग्रह समजतो.

‘पी’ हे कामांच्या एका गठ्ठ्याचे नाव आहे. त्या गठ्ठ्यावर डाव्या बरगडीखालच्या अवयवाची चिठ्ठी लागली ती जुन्या काळीच; प्राचीन चिनी लोकांनी प्रेते उघडून पाहिली होती, लिंग-शूमध्ये त्याचा उल्लेख आहे आणि नान-जिंग या पुढच्या ग्रंथात अवयवांची वजनेसुद्धा दिली आहेत. पुढे युरोपीय शरीररचनाशास्त्र पूर्व आशियात आले, तेव्हा घोटाळा पक्का झाला. जपानमध्ये सुगिता गेन्पाकु आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७७४ साली असे एक पुस्तक डच भाषेतून आणले, आणि त्यातील अवयवांना जुनीच वैद्यकीय नावे वापरली. स्वादुपिंडासाठी तर जुन्या यादीत नावच नव्हते. आज चिनी इस्पितळातही तेच अक्षर एका विभागात शस्त्रक्रियेने काढायच्या अवयवासाठी आणि दुसऱ्या विभागात भूक मंदावण्यासाठी वापरले जाते. मराठीत ‘प्लीहा’ लिहिताना हा इतिहास सोबत येतो, आणि मला विचाराल तर भाषांतरात ‘पी’ हाच शब्द ठेवणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

अवयवांना राजा, सेनापती असे का म्हणतात?

सू-वनच्या आठव्या अध्यायात संपूर्ण शरीर एका राज्यासारखे मांडले आहे. हृदय हा राजा, फुप्फुस हा मंत्री, यकृत हा डावपेच आखणारा सेनापती, पित्ताशय हा निर्णय देणारा निःपक्षपाती अधिकारी, प्लीहा आणि जठर हे धान्यकोठारांचे अधिकारी, सान-जिआओ हा कालव्यांचा अधिकारी. अखंड साम्राज्य, कालवे आणि कोठारे यांच्या काळात हे लिहिले गेले. धान्य वेळेवर पोहोचणे आणि पाणी न तुंबणे यावर राज्य टिकते, हा अनुभव शरीरावर उतरवलेला दिसतो. म्हणूनच या वैद्यकात अडथळा आणि तुंबणे यांची भीती फार.

यकृताचा रागाशी संबंध कसा?

मराठी वाचकाला हे पटवण्यासाठी फार कष्ट पडू नयेत. आपले ‘पित्त खवळते’. खाटकाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत, पण ‘काळीज तुटले’ म्हणताना आपण हृदयाबद्दल बोलतो. धाडसाला आपण ‘छाती’ म्हणतो. चिनी माणूस पित्ताशयाचे नाव घेतो, आणि ‘मोठ्या पित्ताशयाचा’ म्हणजे निडर. भाषेतले हे नाते चिनी वैद्यांनी नियमात बसवले : रागाने ‘ची’ वर चढते, आनंदाने सैल होते, दुःखाने विरते, भीतीने खाली जाते, अतिविचाराने तिची गाठ होते. त्यांनुसार राग यकृताचा, आनंद हृदयाचा, चिंतन प्लीहेचे, शोक फुप्फुसाचा आणि भय मूत्रपिंडाचे. यकृताचे काम ‘ची’ला मोकळे वाहू देणे हे आहे, ती अडली की चिडचिड, छातीत दाटणे, उसासे आणि पाळीपूर्वीचा त्रास होतो. यात यकृताच्या रक्ततपासणीतले एसजीपीटी वाढलेले असण्याची काही गरज नाही.

सान-जिआओ हा कोणता अवयव?

शब्दशः अर्थ ‘तीन शेगड्या’ असा लावता येईल. लिंग-शूमधील वर्णन सुंदर आहे : वरची धुक्यासारखी, मधली फेसाळत्या आंबवणासारखी, खालची सांडपाण्याच्या चरासारखी. नान-जिंग तर सरळ म्हणतो की त्याला नाव आहे, आकार नाही. पुढील अनेक शतके वैद्यांनी त्याला आकार शोधून देण्याचा प्रयत्न केला. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि मिटण्याची आवश्यकताही दिसत नाही.

मेंदू या यादीत का नाही?

मेंदू, मज्जा, हाडे, वाहिन्या, पित्ताशय आणि गर्भाशय यांना ‘विशेष फू’ म्हणून बाजूला ठेवले आहे. मेंदू म्हणजे ‘मज्जेचा सागर’. याला चिनी परंपरेतूनच आव्हान मिळाले. वांग छिंगरन (१७६८–१८३१) या वैद्याने साथीत दगावलेल्या आणि नीट न पुरलेल्या मुलांची प्रेते पाहिली, वधस्थळीही गेला, आणि जुन्या ग्रंथांतील अवयवांच्या चुका दाखवणारे पुस्तक १८३० मध्ये प्रसिद्ध केले. बुद्धी व स्मृती हृदयात नसून मेंदूत असतात, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. त्याच्या स्वतःच्या निष्कर्षांतही चुका होत्या. वाहिन्यांत रक्ताऐवजी हवा असते असे त्याला वाटले, कारण मृतदेहाच्या धमन्या रिकाम्या दिसतात. तरी प्रेताजवळ जाऊन पाहण्याची त्याची हिंमत मोठी.

पाच तत्त्वे आणि आपली पंचमहाभूते एकच आहेत का?

नाहीत. चिनी यादीत लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी आहेत. आकाश आणि वायू नाहीत. शिवाय पंचमहाभूते हे पदार्थाचे घटक आहेत, तर ‘वू-शिंग’ या पाच तत्त्वांच्या चिनी नावातील ‘शिंग’ या शब्दाचा अर्थच चालणे असा होतो. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, असे एकाने दुसऱ्याला जन्म देण्याचे आणि पाण्याने अग्नीला रोखण्यासारखे आवर घालण्याचे चक्र महत्त्वाचे आहे. यकृत लाकूड, हृदय अग्नी, प्लीहा माती, फुप्फुस धातू, मूत्रपिंड पाणी. राग आला की भूक मरते, याला ‘लाकडाने मातीवर कुरघोडी केली’ असे म्हणतात. मांडणी देखणी आहे, पण देखणेपणामुळे कधी कधी वस्तुस्थिती कोंबून बसवल्यासारखीही वाटते.

रोज पहाटे तीनला जाग येते. माझ्या फुप्फुसात दोष आहे का?

नाड्यांच्या घड्याळात प्रत्येक अवयवाला दोन तास दिले आहेत. रात्री १ ते ३ यकृताचे, ३ ते ५ फुप्फुसाचे. समाजमाध्यमांवर हे चित्र फार फिरते. कोणताही जाणता चिनी वैद्य केवळ घड्याळ पाहून निदान करत नाही. तो जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी पाहतो, तहान, घाम, शौच विचारतो. पहाटेची जाग वय, चिंता, मधुमेह, प्रोस्टेट किंवा रात्रीच्या चहामुळेही येते.

याला वैज्ञानिक आधार आहे का?

‘ची’ किंवा नाड्या यांच्याशी जुळणारी स्वतंत्र शारीरिक रचना सापडलेली नाही. काही दुखण्यांत ॲक्युपंक्चरने आराम पडतो, पण खोट्या सुयांशी तुलना केली की फरक बहुधा लहान राहतो. थू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले ते हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांच्या ग्रंथात वनस्पती न उकळता पाण्यात भिजवून पिळण्याची सूचना होती, आणि त्यावरून त्यांना कमी तापमानावर अर्क काढण्याचे सुचले. या शोधाने त्या वनस्पतीचा गुण सिद्ध झाला, ‘ची’ची कल्पना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत या परंपरेतील निदानांचे प्रकरण आहे, पण ते नोंदी ठेवण्यासाठी आहे. उपचार सिद्ध झाल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. ते गेले ते आधुनिक शल्यचिकित्सा घेऊन. कोटणीसांचे तेथेच १९४२ मध्ये निधन झाले. त्याच पथकातील बिजय कुमार बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे. म्हणून सुया टोचणाऱ्याची नोंदणी विचारणे हा आपला हक्क आहे. चिनी वनौषधींबद्दल मात्र त्या नोंदणीवरून काही कळत नाही.

कागदावर ‘मूत्रपिंडाची यिन क्षीण’ असे लिहिले आहे. क्रिएटिनिन तपासावे का?

या शब्दांचा अर्थ कंबरदुखी, कानात गुणगुण, रात्रीचा घाम, तळहात-तळपायांची आग आणि जवळजवळ थर नसलेली लाल जीभ असा आहे. त्यावर दिले जाणारे सहा घटकांचे औषध सोंग काळातील बालवैद्य छियान यी यांच्या १११९ च्या ग्रंथात आले, आणि ते मुळात टाळू उशिरा भरणाऱ्या, वाढ मंदावलेल्या मुलांसाठी होते. या निदानावरून मूत्रपिंड बिघडले आहे असा अर्थ निघत नाही आणि घाबरण्याचे कारण नाही.

औषधाच्या गोळ्या घेत असाल, तर मात्र प्रश्न बदलतो. बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या काही वर्षांत वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. फांग-जी या नावाच्या गोंधळातून ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पती औषधात आली होती. आपल्याकडची ईश्वरी ही वेलही याच प्रजातीतील आहे. तेव्हा गोळ्या सुरू असतील, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, पायांवर सूज किंवा लघवीला फेस येत असेल, तर क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत, आणि बाटलीवरील घटकांची यादी डॉक्टरांना दाखवावी. यादीच छापलेली नसेल, तर ती बाटली घेऊ नये.